नलूचा उजवा डोळा

साहेब, गुन्हेगार तुम्ही आहात. तुमचं नाव इथे मुद्दामच लिहिलेलं नाही. नाव लिहिलं तर तुम्ही एकटे अडकाल आणि तुमच्यासारखे बाकीचे अंग झटकून मोकळे होतील.

पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याची तुमची जीप सिंदीच्या मालधक्क्यामागच्या वस्तीत आली. शिपायाने समाजमंदिराच्या भिंतीला खळ फासली, रंगीत तक्ता चिकटवला, आणि तुम्ही खाली न उतरताच निघून गेलात. तक्त्यावर एक गुबगुबीत पोर. त्याच्याभोवती दुधाचा पेला, अंडी, लोण्याचा गोळा, द्राक्षांचा घोस आणि एक लालभडक सफरचंद. खाली ठळक अक्षरं : सकस आहार घ्या, निरोगी राहा. वस्तीतल्या एकाही माणसाने सफरचंद कधी हातात धरलेलं नव्हतं. चंद्रभान हमालाच्या चिमुरड्या नलूने त्यावर बोट ठेवलं आणि ती ओरडली, "भेदरं!" टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात. सगळी वस्ती हसली. नलूही हसली. तेव्हा तिचे दोन्ही डोळे शाबूत होते.

तुम्ही तक्ता लावलात, पण वस्तीतल्या एकाही बाईला विचारलं नाहीत की बाई, आज तुझ्या चुलीवर काय शिजतं आहे? तेवढा एक प्रश्न विचारला असता तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

आणि वाचकहो, तुम्हीही साहेबाकडे बोट दाखवून सुटाल असं समजू नका. या गोष्टीत बापाचीही चूक आहे, आणि ती चूक तुमच्या घरात आज होत नसेल कशावरून?

चंद्रभान मालधक्क्यावर हमाल होता. अंगाने दणकट, बोलायला तिखट. मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता. मेल्या ढोराचं मांस त्याच्या बापानेच सोडलं होतं. चंद्रभानने पंगतीमागे टोपलं घेऊन उभं राहणं सोडलं, दारोदारची शिळी भाकर सोडली, उष्ट्याला हात लावायचा नाही अशी घरातल्या सगळ्यांना शपथ घातली. सोन्यासारखं काम केलं! त्याला नाव ठेवायची कोणाची छाती आहे?

पण त्या सोडण्याच्या भरात त्याने तरोटाही सोडला.

तरोटा म्हणजे रानभाजी. पावसाळ्यात रुळाच्या कडेला, पडीक जागेत, उकिरड्याशेजारी आपोआप उगवते. तिला पेरावं लागत नाही, राखावं लागत नाही. कोवळा पाला खुडायचा, लसूण-मिरचीवर परतायचा, वरून जवसाच्या तेलाची धार सोडायची. चंद्रभानचं लहानपण अल्लीपूरला गेलं. श्रावणात कणगीतली ज्वारी संपली की त्यांच्या घरात दोन्ही वेळा तरोटाच शिजायचा. शाळेत त्याला पडवीत वेगळं बसवत, आणि आत बसलेली पोरं त्याच्याकडे बघून नाकं दाबत. "तरोट्या आला रे, तरोट्या!" मास्तरही हसायचे. ते हसणं चंद्रभान मिशा फुटल्यावरही विसरला नाही.

म्हणून त्याच्या घरात आता गिरणीतला पांढरा फटफटीत भात शिजे. ताराचंदच्या दुकानातून तो तांदूळ घेताना त्याची मान ताठ असे. ज्वारीची भाकर बंद, अंबाडी बंद, शेवग्याचा पाला बंद. "ढोराचा चारा" म्हणे तो या सगळ्याला. भातावर पळीभर पातळ वरण. पोरीला सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेलं बिस्कुट.

आषाढात नलूला गोवर निघाला. ताप उतरला, पुरळ गेलं, पण पोरगी काही उभारी धरेना.

श्रावणातली एक संध्याकाळ. दिवा अजून लागायचा होता. चंद्रभान कामावरून आला, खिशातून बिस्कुट काढलं आणि उकिडवा बसला.

"नले, हे पाय काय आणलं तुह्यासाठी!"

नलू दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने आवाजाकडे तोंड वळवलं, हात पुढे केला, पण तो गेला भलतीकडेच. बिस्कुट तिच्या नाकासमोर होतं आणि ती हवा चाचपत होती.

"नखरे करून राह्यली," चंद्रभान हसला. "बापाची गंमत करते."

चुलीपाशी बसलेली त्याची आई धुरपता म्हणाली, "गंमत नाई बापू ते. पोरीले सांजचं दिसून नाई राह्यलं. काल पाटावर पाय ठेवाले गेली तं चुलीच्या इस्तवात पडत होती. रातांधयं आहे ते."

"तुहं काईतरीच असते माय. गोवरानं अशक्त झाली, दुसरं काई नाई. भात चार घास जास्त घाल."

त्याची बायको पंचफुला ओट्याच्या भिंतीला हात लावून उभी होती. ती पोटुशी होती. 

दुसऱ्या दिवशी धुरपता कोणाला न सांगता रुळाच्या कडेने गेली आणि पदरभर तरोटा खुडून आली. इतका कोवळा होता की नखानेच तुटत होता. तिने तो निवडला, धुतला, गाडग्यात शिजवला, शेजारच्या देवकाबाईकडून जवसाचं तेल मागून आणून वर सोडलं. चंद्रभान दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याला वास आला.

"हे काय शिजवून राह्यली?"

"पोरीसाठी आहे. तुह्या ताटात नाई वाढत. तू खा तुहा सायबाचा भात."

"माह्या घरात तरोटा?" चंद्रभानचा आवाज चढला. "आपण कायचे कोण झालो आता? कायले नागपूरले गेलतो मी? पुन्हा त्याच उकिरड्यावर तोंड घालाले?"

"अरे बावा, पानाले जात असते काय? माह्या मायनं मले यावरच वाढवलं, मी तुले यावरच वाढवलं. पाय ना, तुहे डोये कसे लखलखीत आहेत!"

चंद्रभानने पुढचं ऐकलं नाही. त्याने गाडगं उचललं, दाराबाहेर नेलं आणि उकिरड्यावर आपटलं. हिरवी भाजी चिखलात पडली. देवकाबाईच्या कोंबड्या धावत आल्या आणि त्यांनी ती भराभर वेचून खाल्ली.

धुरपता उंबऱ्यातून बघत होती. ती एवढंच बोलली, "कोंबड्या हुशार निघाल्या."

त्या दिवसापासून तिने मुलाशी बोलणं टाकलं. घरात भातच शिजत राहिला.

भादव्यात नलूला उजेड सोसेना. सकाळी ती आईच्या पदरात तोंड खुपसून बसे. डोळ्यांची चमक गेली, माशाच्या खवल्यासारखी कोरडी साय दिसू लागली. शेजारणी जमल्या. एकीने दृष्ट काढली, एकीने बोकडाच्या केसाचा धूर दिला. समाजमंदिरातले तानबाजी म्हणाले, "चंद्रभान, धूरबिर सोड. हे आपण सोडलं ना? दवाखान्यात ने." चंद्रभानने ते ऐकलं खरं, पण मालगाडीचं काम होतं म्हणून दोन दिवस लांबवलं. मग एका सकाळी उजव्या डोळ्यातून पाणी आणि पू आला, आणि पोरगी ओरडायचीही थांबली. तेव्हा त्याने काम टाकलं.

पॅसेंजर गाडीने तो आणि पंचफुला नलूला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर दौऱ्यावर होते. नर्स सुलोचनाबाई होत्या. तळेगावच्या. जाडजूड चष्मा, कपाळावर कायमची आठी. त्यांनी नलूला मांडीवर घेतलं, आधी उजवी, मग डावी पापणी वर करून पाहिली.

"बाई, मलम द्या काईतरी," चंद्रभान म्हणाला.

"मलम कशाला लावू? बुबुळ वितळलं आहे. उजवा गेला."

पंचफुला खाली बसली. चंद्रभान उभाच होता, जणू त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"गेला म्हंजे? केव्हा येईल?"

"गेला म्हणजे गेला! डोळा काही पॅसेंजर गाडी आहे का संध्याकाळी परत यायला?" बोलून गेल्यावर सुलोचनाबाईंचाच आवाज पडला. "डावा कोरडा झाला आहे, पण अजून धड आहे. तो राखायचा आहे. आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. ही काय खाते?"

चंद्रभानला वाटलं, निदान हे तरी मान वर करून सांगता येईल. "चांगलं खाऊ घालतो बाई. गिरणीचा तांदूळ. शुभ्र. बिस्कुट. चहा, तोही साखरेचा, गुळाचा नाई."

"हिरवा पाला?"

"नाई."

"ज्वारी? अंबाडी? शेवगा? तरोटा?"

"ते सगळं आम्ही सोडलं. ते गुलामीचं खाणं होतं बाई." आणि मग त्याचं धाडस वाढलं. "तुमाले नाई समजायचं ते."

सुलोचनाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला नाही समजायचं? माझी माय तळेगावात पंगत उठेपर्यंत वाड्याच्या मागे टोपलं घेऊन उभी राहायची. मी तिचा पदर धरून उभी असायची. पत्रावळीला चिकटलेला भात खरवडून खाल्ला आहे मी! ते उष्टं तुम्ही सोडलंत, मढं सोडलंत, फार चांगलं केलंत. पण मला एक सांगा, तरोटा कोणाच्या ताटातून उरला होता? कोणाच्या दारात हात पसरून मागितला होता तुम्ही तो? ज्याच्यासाठी कोणापुढे वाकावं लागत नाही असं एकच अन्न तुमच्या घरात होतं, आणि नेमकं तेच तुम्ही फेकून दिलंत! आणि आणलंत काय? गिरणीने ज्याचा सगळा कस काढून घेतला तो तांदूळ. ज्यांनी तुम्हाला हिणवलं त्यांच्या ताटाकडे बघून तुम्ही स्वतःचं ताट वाढता आहात. अजून त्यांच्याच पंगतीमागे उभे आहात, चंद्रभान! फक्त टोपलं दिसत नाही, एवढंच!"

चंद्रभानची मान खाली गेली. त्याला उकिरड्यावर आपटलेलं गाडगं दिसलं. कोंबड्या दिसल्या.

"तुमच्या खाण्याला जे हसले त्यांना शरम वाटायला हवी होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुम्ही ती शरम स्वतःच्या डोक्यावर घेतलीत आणि पोरीच्या डोळ्यांनी फेडलीत."

मग त्या पंचफुलाकडे वळल्या. "आणि तू ग? संध्याकाळी दिसतं तुला?"

पंचफुलाने पदर तोंडाला लावला. "नाई बाई. उन्हाळ्यापासून नाई दिसत. मी भिंत धरून चालते."

"भिंत धरून?" चंद्रभान दचकला. "काऊन नाई सांगितलं मले?"

"तुमाले काय सांगू? तुमी मायचं गाडगं फोडलं. मी कोणत्या तोंडानं म्हणू का मलेबी तरोटा पायजे?"

एकाच झोपडीत राहणारी बायको रोज संध्याकाळी भिंत चाचपत वावरत होती आणि नवऱ्याला पत्ता नव्हता! वाचकहो, आपल्या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई काय जेवते, हे आपल्यापैकी किती जण बघतात?

सुलोचनाबाईंनी कपाटातून एक बाटली काढली. माशाचं तेल. तळाशी बोटभर उरलं होतं. त्यांनी ते नलूच्या तोंडात घातलं, उरलेलं छोट्या शिशीत ओतून पंचफुलाच्या हातात दिलं.

"एवढंच आहे. वर लिहून लिहून माझी बोटं झिजली. बाटल्या मागितल्या की रंगीत तक्ते येतात. तेल संपलं की पाल्यावरच राखायचं. तरोटा, शेवग्याचा पाला, अंबाडी, काय मिळेल ते, रोज. नुसता उकडून देऊ नका, वरून तेल घाला. तेलाशिवाय पाल्यातला कस अंगी लागत नाही. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, वरणात घालायचं. बाजाराच्या दिवशी जमलं तर बकऱ्याची कलेजी. भात बंद करा असं नाही म्हणत, पण ज्वारीची भाकर परत आणा, तुरीचं वरण घट्ट करा. आणि पोरीच्या ताटात जे आहे ते हिच्याही ताटात पडलं पाहिजे. पोटातलं पोर आंधळ्या आईच्या हाती द्यायचं नसेल तर!"

सिंदीला उतरले तेव्हा दुपार होती. पंचफुला नलूला घेऊन घराकडे गेली. चंद्रभान रुळाच्या कडेला थांबला. धक्क्यावर हमाल विडी ओढत बसले होते. सगळ्यांच्या देखत तो खाली वाकला आणि तरोटा खुडू लागला.

नत्थू हमाल ओरडला, "काय बे चंद्रभान! पुन्हा तरोट्या झाला काय?"

हशा पिकला. तेच हसणं! अल्लीपूरच्या शाळेतलं, जसंच्या तसं! चंद्रभानच्या हाताची मूठ वळली. एरवी त्याने नत्थूचं बखोट धरलं असतं. पण तो ताठ उभा राहिला, हातातला पाला वर धरला आणि म्हणाला, "हाव, तरोट्याच आहो मी! ह्या हसण्याले भिऊन मी पोरीचा डोया घालवला. आता अजून हासा. मी दुसरा नाई देत!"

कोणी हसलं नाही. नत्थूची विडी हातातच विझली. थोड्या वेळाने तो उठला, चंद्रभानशेजारी बसला आणि खुडू लागला. त्याच्याही घरी दोन लेकरं होती.

चंद्रभान घरी आला आणि पदर पसरावा तसा पंचा आईपुढे पसरला. धुरपताने पाला चाचपला.

"जून झाला हा," तिने कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "फुलावर आला आता. मी आणला होता तो कोवया होता."

या वाक्यापुढे चंद्रभानला शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. "माय," तो म्हणाला, "मले शिकव कसा करतात ते."

"तू? चुलीपाशी? सायबाच्या हाताले काजयी लागन ना."

"लागू दे."

तिने शिकवलं. जून देठ काढून टाकायचे, शेंडे तेवढे घ्यायचे. लसूण ठेचून घालायचा. तेलाची धार शेवटी. धुरपता सांगत होती आणि चंद्रभान करत होता, आणि धुराने की कशाने, त्याचे डोळे सारखे वाहत होते. त्या दिवशी त्याने पहिलं ताट नलूला वाढलं आणि दुसरं पंचफुलाला. स्वतः शेवटी बसला. गाडग्यात फार काही उरलं नव्हतं. शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते त्याला तेव्हा कळलं.

तरोटा संपला तेव्हा अंबाडी आली. अंबाडी संपली तेव्हा देवकाबाईच्या शेवग्याचा पाला होता. वस्तीतल्या चुलींवर पुन्हा भाकरी थापल्या जाऊ लागल्या. समाजमंदिरात वंदना झाल्यावर चंद्रभान उभा राहिला आणि बोलला. त्याला भाषण येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "दुसऱ्याचं उष्टं सोडा. आपलं अन्न नोका सोडू. मी सोडलं, माह्या पोरीकडे पाहा." नलू त्याच्या खांद्यावर होती. लोकांनी पाहिलं, आणि बायकांनी माना फिरवल्या.

दिवाळी झाल्यावरची एक संध्याकाळ. दिवा लागायचा होता. चंद्रभान उकिडवा बसला, भाकरीवर भाजी घेतली आणि घास पुढे केला.

"नले, हे पाय."

नलूने मान वळवली. सरळ नाही, थोडी तिरपी, उजवीकडे, कारण आता तिला डावा डोळा पुढे आणावा लागत होता. तिने घासाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि नेमका तो घास उचलला. पंचफुला भिंतीला हात न लावता चुलीकडून आली.

चंद्रभानला हसू आलं नाही. पोरगी आता जन्मभर अशीच तिरपी बघणार होती. शाळेतली पोरं तिला काय नाव ठेवतील ते त्याला माहीत होतं.

वाचकहो, यातून घ्यायचं ते सरळ आहे. पांढरं ते चांगलं आणि रानातलं ते हलकं, हे खूळ डोक्यातून काढा. पोराच्या ताटात रोज काहीतरी हिरवं पडू द्या, त्यावर तेल पडू द्या, आणि घरातल्या बाईला शेवटी जेवायला बसवू नका. अन्नाची शरम धरायची नसते. माणसाला अन्नावरून हसणाऱ्याने शरम धरायची असते.

पण गोष्ट इथे संपत नाही साहेब, कारण हिवाळ्यात तुमची जीप पुन्हा आली. जुना तक्ता पावसाने फाटला होता, म्हणून तुम्ही नवा आणला. तेच पोर, तेच सफरचंद. शिपाई खळ फासू लागला तेव्हा चंद्रभान नलूला कडेवर घेऊन जीपपाशी आला.

"सायेब, ह्या चित्रातलं काय मियते ह्या गावात, ते सांगा."

तुम्ही म्हणालात, "हे वरून आलेलं आहे."

"वरून तक्ता येते तं माशाचं तेल काऊन येत नाई? ह्या चित्रात तरोटा काऊन नाई? अंबाडी काऊन नाई? ते गरिबाचं म्हणून तुमालेबी शरम वाटते काय?"

तुम्ही ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितलंत. नलू तुमच्याकडे तिरपी मान करून बघत होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत.

बापाने आपली चूक भर मालधक्क्यावर कबूल केली साहेब. तुमची चूक कोण कबूल करणार? ज्या बाटल्या आल्या नाहीत त्या कुठे अडल्या? त्या जागी तक्ते छापायचा हुकूम कोणी दिला? वरून, वरून म्हणता, तर त्या वरच्या माणसाला खाली आणा, सिंदीच्या वस्तीत नलूसमोर उभं करा, आणि तिच्या उजव्या डोळ्याचं उत्तर द्या!